सक्तीची रजा

बेचाळीस नावांपुढे बेचाळीस आकडे होते आणि त्यातला एक शून्य होता. नियमबाईंनी चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा लावला. शून्य होतं तिथेच होतं. या वर्षात घेतलेली रजा, शून्य दिवस. त्यांनी मागच्या वर्षाची यादी उघडली. तिथेही शून्य. त्याच्या मागच्या वर्षी शून्य. असं करत करत त्या सहा वर्षं मागे गेल्या आणि थांबल्या. विमा कंपनीच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत सगळं कायद्याप्रमाणे चाललंय की नाही, हे बघायचं काम त्यांचं. कोणाला किती रजा, बाळंतपणाची किती, घरच्या आजाऱ्यासाठी किती, वाळूची बादली कुठे टांगायची, अपंगांच्या प्रवेशासाठी दरवाजा किती रुंद हवा, संडासाच्या भिंतीला धरायला दांडी आहे की नाही, अशा शेकडो प्रश्नांचे फॉर्म दरवर्षी वरून यायचे आणि बाई ते भरून सही ठोकून परत पाठवायच्या. टाचणी पडली तरी बाई विचारतील, कोणत्या कलमाखाली पडली, असं त्यांच्या माघारी म्हणायचे. नियमबाई हे नावही माघारीच पडलेलं. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. जगात पन्नास माणसं ढिसाळपणे वागत असताना एकाने तरी ताठ बसायला हवं, असं त्यांचं मत. म्हणून तर हे शून्य इतकं खुपलं. सहा वर्षं आपल्याच नाकासमोर बसलं होतं आणि आपण फक्त बेरीज बघत होतो.

शून्य पहाटरावांचं होतं. पहाटराव म्हणजे दावे तपासनीस. लोकांनी भरपाईसाठी पाठवलेले कागद खरे की खोटे ते ठरवणारा माणूस. सत्तावन्न वर्षांचा, बारीक, नीट दाढी केलेला, बोलायला कमी. डावा पाय जरा ओढायचा. लहानपणी ताप आला होता म्हणे. पण टेबलांच्या कडा धरत धरत मजल्यावर सगळीकडे फिरायचा, त्यामुळे त्या पायाचं कोणाला काही वाटत नसे. नाव पडलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. कचेरीत कोणीही कितीही लवकर या, हे आपले आधीच खुर्चीत. इस्त्रीचा सदरा, पुढे कागद. संध्याकाळी दिवे मालवून जाणारेही हेच. दुपारी सगळे समोरच्या खानावळीत उतरायचे, पहाटराव डबा उघडायचे. आग लागल्याची रंगीत तालीम झाली तेव्हा सगळे खाली अंगणात उभे राहिले आणि पहाटरावांना बाईंनीच मजलाप्रमुख नेमलं होतं, म्हणजे सगळे उतरले की नाही ते वर थांबून मोजायचं. माणूस सदा जागेवर, त्याच्यापेक्षा लायक कोण? तालमीचा अहवाल फार सुरेख झाला होता.

आणि विमा कंपनीत नियम असा, की दाव्यांचे कागद हाताळणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा सलग दहा दिवस रजेवर जायचंच. सक्तीची रजा. मर्जीचा प्रश्नच नाही. माणूस दहा दिवस समोर नसला, त्याच्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं, की त्याने काही झाकून ठेवलेलं असेल तर आपोआप वर येतं, हा त्यातला हेतू. पहाटराव दरवर्षी सुंदर अक्षरात अर्ज करायचे, कामाच्या रेट्यामुळे या खेपेस सूट मिळावी. आणि साहेब सूट द्यायचे, कारण काम खरंच रेटून होत होतं. या वर्षी मात्र वरून पत्र आलं होतं, सूट कोणालाही नाही.

साहेबांनी यादी बघितली आणि खुर्ची मागे रेलली. "बाई, पाणी मुरतंय कुठेतरी."

"माणूस सरळ आहे साहेब."

"सरळच असतात सगळे. रजा नको म्हणणारा माणूस तुम्ही जन्मात पाहिलाय? मी नाही पाहिला. अन् येतो किती वाजता तो?"

ते बाईंनी पाहून ठेवलंच होतं. खाली दाराशी हजेरीचं यंत्र होतं, त्याला कार्ड दाखवल्याशिवाय आत येता येत नसे. सहा चाळीस. रोज सहा चाळीस. इकडे दोन मिनिटं नाही की तिकडे दोन मिनिटं नाहीत.

"साडेनऊला कचेरी," साहेब म्हणाले. "तीन तास हा बाबा एकटा वर काय करतो? सोमवारपासून दहा दिवस घरी बसवा. आणि हो, तो प्रवेशसोयींचा फॉर्मसुद्धा उद्याच जायचाय. मागच्या वर्षीचा बघून भरून टाका."

घरी जाताना, स्वयंपाक करताना, अंथरुणावर पडल्यावरसुद्धा बाईंच्या डोक्यातून ते सहा चाळीस जाईना. एखाद्याबद्दल संशय यावा आणि तो खरा निघू नये असंही वाटावं, त्याचबरोबर खरा निघाला तर आपण किती चाणाक्ष ठरू हेही मनात येऊन जावं, याची त्यांना लाज वाटली. शुक्रवारी त्या सव्वासहालाच कचेरीच्या दाराशी उभ्या राहिल्या. रखवालदाराने आधी घड्याळ बघितलं, मग बाईंकडे बघितलं, आणि दार उघडलं. खालचे मजले कापडाच्या गोदामाचे होते. गोदामाचं शटर अजून बंद होतं, कोऱ्या कापडाचा वास मात्र जिन्यात भरून राहिला होता. बाई तीन मजले चढून आल्या आणि दिवा न लावता जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. आपण चोर पकडायला आलोय की आपणच चोर आहोत, हे त्यांना धड ठरवता येईना. त्यांचा श्वास त्यांनाच ऐकू येत होता.

खाली यंत्र वाजलं. आता पावलं यायला हवी होती. आली नाहीत. आला तो एक धप्प असा आवाज, मग काहीतरी घासल्याचा, मग लोखंडी कठडा कुरकुरल्याचा, आणि मग शांतता. इतका वेळ शांतता की बाईंना वाटलं, माणूस परत फिरला. तेवढ्यात पुन्हा धप्प, पुन्हा घासणं, पुन्हा कठडा. बाई कठड्यावरून वाकल्या. तळाशी एक हात दिसत होता. कठडा वरून धरतात तसा नाही, खालून, मुठीत आवळून धरलेला. तो हात ताठ झाला, थरथरला, सुटला आणि वीतभर वर जाऊन पुन्हा बसला. बाईंना एकदम कळलं नाही आपण काय बघतोय. कळलं तेव्हा त्या सावकाश, चपला हातात घेऊन, अर्धा मजला खाली उतरल्या आणि भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

पहाटराव जिना चढत होते. पिशवी पाठीला बांधलेली, काठी कंबरपट्ट्यात खोचलेली. उजवा पाय वरच्या पायरीवर जायचा. मग दोन्ही हात कठड्यावर. मग सगळं अंग त्या हातांवर आणि त्या एका पायावर वर ओढलं जायचं. आणि मग ते वाकून, गुडघ्यापाशी विजारीचं कापड चिमटीत धरून डावा पाय उचलायचे आणि उजव्याशेजारी आणून ठेवायचे. ठेवायचे हाच शब्द. काचेचं भांडं ठेवावं तसा. मग त्या गुडघ्यावर तळहात दाबून तो सरळ करायचे, तो सरळ राहतोय याची खात्री करून घ्यायचे आणि पुढच्या पायरीकडे बघायचे. घाई नव्हती. कण्हणं नव्हतं. ओठ हलत होते, आकडे मोजत होते. अकरा पायऱ्या झाल्या की वळण यायचं, आणि वळणावर ते भिंतीला कपाळ टेकून उभे राहायचे. भिंतीवर तिथे एक काळपट गोल डाग होता. प्रत्येक वळणावर त्याच उंचीला तसा एक डाग होता. बाईंनी ते डाग शंभर वेळा पाहिले होते. स्वच्छतेच्या अहवालात लिहिलेही होते, जिन्यातील भिंती कळकट, रंग देणे. कोणीतरी डोकं टेकून टेकून भिंत काळी केली असेल हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. बाईंनी तोंडावर हात ठेवला. रडू येत नव्हतं. दया येत होती असंही नाही, दयेला तिथे जागाच नव्हती. लहानपणी एकदा गच्चीवर एकटी असताना सगळं आभाळ तांबडं झालं होतं आणि कोणाला हाक मारावी हे न सुचून त्या नुसत्या उभ्या राहिल्या होत्या, तसं त्यांना झालं होतं. हा माणूस रोज हे करतो. आणि नंतर खुर्चीत बसून आपल्याला म्हणतो, नमस्कार बाई, आज उशीर झाला?

"बाई," शेवटच्या वळणाखालून पहाटराव म्हणाले. वर न बघता. "रखवालदाराने सांगितलं तुम्ही आलाय. बोलू नका पण. मोजणी चुकते."

बाई बाजूला सरकल्या आणि शेवटच्या अकरा पायऱ्या पहाटरावांच्या मागून, एकेक पायरी थांबत, चढल्या. तिथे त्यांना आई आठवली. मुद्दाम आठवली नाही, ती आपली पायरीवर येऊन बसावी तशी येऊन बसली. आई शेवटची सहा वर्षं भावाच्या घरी चौथ्या मजल्यावर राहिली. आईला बाहेर जायला आवडत नाही, असं घरात सगळे म्हणायचे. बाईही म्हणायच्या. भाचीचं लग्न होतं तेव्हा आई म्हणाली, मला गर्दी सोसत नाही, तुम्ही जा, मी घर राखते. बाजारात नको, देवळात नको, शेजारणीकडे नको. वहिनी कौतुकाने म्हणायची, काही कटकट नाही हो त्यांची. शेवटी चौघांनी खुर्चीत बसवून आईला दवाखान्यात न्यायला खाली आणलं, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर ती म्हणाली, "थांबा रे जरा, बघू दे." आणि बंद दारांकडे, कुंड्यांकडे, पायपुसण्यांकडे, एका दारावरच्या नव्या पाटीकडे डोळे भरून बघत बसली. तिला वेदना होत असतील असं समजून बाई म्हणाल्या होत्या, आई, उशीर होतोय. आईला बाहेर आवडत नव्हतं! कोणी विचारलं होतं तिला? प्रवेशसोयींच्या फॉर्मात एक रकाना असतो, 'लागू नाही' असा. बाईंनी आईपुढे सहा वर्षं तीच खूण केली होती आणि तेही किती मायेने.

वर पोचल्यावर पहाटराव पहिल्याच खुर्चीत बसले. घड्याळात सात अडतीस झाले होते. सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. त्यांनी हात वर करून, थांबा, अशी खूण केली आणि बाई उभ्याच राहिल्या. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आता अंग वाळेपर्यंत बसायचं, मग पिशवीतला दुसरा घालायचा. तेवढा वेळ लागतो म्हणून लवकर येतो. गैरकारभार काही नाही बाई, टेबल उघडून बघा हवं तर."

"टेबल नाही बघायचं मला," बाई म्हणाल्या. "रजा का घेत नाही तुम्ही?"

पहाटराव हसले. "चार दिवस घरी राहिलो ना, की पाय जिना विसरतो. शनिवार-रविवार तेवढे कसेबसे चालतात, ते दोन दिवससुद्धा घरच्या ओट्यावर चढउतार करतो. बायको म्हणते वेड लागलंय. एकदा शनिवारी ताप आला होता, सोमवारी तसाच आलो. दहा दिवस म्हणजे मग संपलंच. अकराव्या दिवशी मी खाली उभा राहणार आणि तुम्ही वर."

"तुम्ही बोलला का नाहीत कधी?"

"काय बोलू? बोललो असतो तर डॉक्टरचा दाखला आणा म्हणाले असते. दाखला आणला असता तर फार सहानुभूतीने घरी बसवलं असतं. मला काम येतं बाई. एवढं एकच येतं."

"किती वर्षं झाली हे?"

"झाली काही," पहाटराव म्हणाले आणि खिडकीकडे बघू लागले.

ते सांगणार नव्हते. बाई आपल्या जागेवर गेल्या आणि हजेरीची जुनी पानं उघडली. तीन वर्षं मागे, सहा चाळीस. पाच वर्षं मागे, सहा चाळीस. आणखी मागे, आणि एका सोमवारी ते आकडे एकदम बदलले. त्या सोमवारच्या आधी पहाटराव रोज नऊ पंचवीसला येत होते. इतरांसारखे. साडेपाचला जात होते. त्याआधी रजाही घेत होते, मे महिन्यात पंधरा दिवस, चांगली ऐसपैस. बाईंनी तो सोमवार बोटाने धरून ठेवला. तारीख ओळखीची होती. त्यांना उठून कपाटातली फाइल काढायची गरज नव्हती, तरी त्यांनी काढली. तिसऱ्या मजल्यापर्यंत येणारी गोदामाची मालाची लिफ्ट होती, तिला आतलं दार नव्हतं, वर्षाची तपासणीही नुसत्या मालाच्या लिफ्टच्या नियमाने व्हायची. कोणाचा हात अडकला असता तर कंपनी गोत्यात आली असती. बाईंनी त्यावर दोन पानी टिपण लिहिलं, शनिवारी स्वतः उभं राहून पाटी लावून घेतली, माणसांनी वापरू नये, खिळे कमी पडले तर घरून आणले. साहेबांनी सभेत नाव घेऊन कौतुक केलं. आणि सोमवारी सहा चाळीसला एक माणूस खाली येऊन उभा राहिला. त्याच्या आधीपर्यंत तो हमालांबरोबर कापडाच्या गठ्ठ्यावर बसून गप्पा मारत वर यायचा, हे हमालांना ठाऊक होतं, रखवालदाराला ठाऊक होतं. फक्त टिपणात नव्हतं.

पाटी चुकीची नव्हती. हेच बाईंना सुटेना. आजही त्या तीच पाटी लावतील. लिफ्ट खरंच धोक्याची होती. पण त्यानंतर दरवर्षी प्रवेशसोयींच्या फॉर्मात, इमारतीत लिफ्ट आहे काय, या प्रश्नापुढे त्यांनीच होय लिहिलं होतं. लिफ्ट होतीच की. वरच्या मजल्यावर अपंग कर्मचारी आहे काय? नाही. पाय ओढणारा माणूस अपंग असतो असं कोणी सांगितलं होतं? त्याने तर अर्जच केला नव्हता. सहा होय आणि सहा नाही, बारा खोट्या गोष्टी, आणि एकाही वेळी आपण खोटं लिहितोय असं वाटलं नव्हतं. आणि मघाशी त्या माणसाने, कधीपासून विचारलं तेव्हा, खिडकीकडे बघितलं. सहा वर्षं रोज कपाळ भिंतीला टेकताना त्याच्या मनात बाईंचं नाव आलंच असेल. तरी त्याने रोज नमस्कार केला. बाईंना हे चढण्याहून मोठं वाटलं. एवढा मोठा माणूस आपल्यापासून चार टेबलांवर बसतो आणि आपण त्याला पहाटराव म्हणतो, या विचाराने त्या हबकून गेल्या.

साहेब आल्याबरोबर बाईंनी सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. ऐकताना त्यांनी चहा तसाच ठेवला. "अरेरे," म्हणाले, मनापासून म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण या वर्षी 'नाही' असं लिहिलंत तर मागची सहा वर्षं काय झालं असं विचारतील. सही कोणाची आहे?"

"माझी."

"मग बघा बुवा. घरमालक लिफ्टला दार बसवायला कधी तयार होणार नाही. आपणही कधी मागितलं नाही, कारण आपल्या कागदावर लिफ्ट आहे. एकदा 'नाही' असं लिहिलंत की दोघांनाही करावंच लागेल, कायदाच आहे तो. पण पहिला बळी तुमचा जाईल हे मी आत्ताच सांगतो."

बाई फॉर्म घेऊन पहाटरावांच्या टेबलाशी गेल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. कोरा सदरा घालून पहाटराव कागद तपासत होते. बाईंना वाटलं होतं आधी माफी मागावी. शब्द जुळवूनही आणले होते. पण तोंडातून आलं ते असं, "जिन्याची माहिती लिहायची आहे. मला काही माहीत नाही. तुम्ही सांगा."

पहाटरावांनी पेन खाली ठेवलं. "माझं नाव घालणार?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही घालणार. पण लिफ्टपुढे 'नाही' असं लिहिणार आहे. ते मी ठरवलंय."

पहाटरावांनी फॉर्म आपल्याकडे ओढून पहिलं पान वाचायला घेतलं. एवढ्या वर्षांत आपण कोणाच्या उत्तराची अशी वाट पाहिली नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं.

"किती पायऱ्या लिहिल्यात?" पहाटराव म्हणाले.

"चौसष्ट. नकाशात आहेत."

"सहासष्ट आहेत. नकाशात दाराबाहेरच्या दोन धरलेल्या नाहीत." आणि मग ते सांगत गेले. सतरावी पायरी बाकीच्यांपेक्षा अंगठाभर उंच आहे, तिथे आधीच्या पायरीवर दोन श्वास जास्त घ्यावे लागतात. अठ्ठावीस ते एकतीस कडा झिजल्यात, तिथे टाच टेकायची नाही. दुसऱ्या मजल्याच्या वर कठडा भिंतीतून सुटलाय, वजन टाकलं की अर्धा इंच बाहेर येतो, म्हणून तिथे ओढायचं नाही, नुसतं टेकायचं. ओल असली की पहिल्या वळणाची फरशी घाम धरते. एकोणपन्नासाव्या पायरीवरून गल्लीतलं झाड दिसतं, तिथे मात्र विनाकारण थांबतो, ते नका लिहू. बाई लिहीत होत्या. फॉर्मात शेऱ्यासाठी दोन ओळी होत्या, त्या केव्हाच भरल्या. त्यांनी कोरे कागद जोडले. आजूबाजूची टेबलं हळूहळू शांत झाली, टंकलेखिका खुर्ची फिरवून ऐकू लागली, कोणीतरी खानावळीत निघालेला परत येऊन उभा राहिला. ज्या जिन्यावरून ही सगळी माणसं रोज पोरांसारखी धडधडत उतरायची तो जिना त्यांना कोणीतरी पहिल्यांदा दाखवत होतं. पाच कागद झाले. शेवटी पहाटराव म्हणाले, "घाला नाव. नुसत्या जिन्याला कोण विचारतंय."

बाईंनी नाव घातलं. लिफ्टपुढे 'नाही' लिहिलं, वरच्या मजल्यावर अपंग कर्मचारी आहे काय, त्यापुढे 'होय' लिहिलं, आणि खाली आपल्या हाताने एक ओळ जोडली, मागील सहा वर्षांची उत्तरे चुकीची असून त्यास मी जबाबदार आहे. मग सही केली. फॉर्म पाठवून त्या परत आल्या तर पहाटराव त्यांच्या टेबलाशी, टेबलाची कड धरून उभे. हातात सुंदर अक्षरातला अर्ज. बाईंनी वाचला. या खेपेस सूट नव्हती मागितली. सोमवारपासून सलग दहा दिवसांची रजा मिळावी.

"अहो, पण आत्ता नको," बाई घाबरून म्हणाल्या. "मी साहेबांना सांगते, लिफ्टचं काही होईपर्यंत—"

"सूट कोणालाही नाही, असं पत्र आहे ना? नियम आहे."

"दहा दिवसांत नाही झालं तर?"

"होईल?"

बाईंना हो म्हणायचं होतं. सगळं अंग हो म्हणत होतं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "झालंच पाहिजे यासाठी जे करायचं ते मी करीन. पण होईल का, ते मला माहीत नाही."

पहाटरावांनी मान हलवली, जणू हेच उत्तर खरं आहे की खोटं ते तपासून बघितलं आणि खरं निघालं. "पायाला विसरायला दहा दिवस पुरतात," ते म्हणाले. "तुम्हाला करायला पुरतात का बघू. मी वर येत राहिलो तर कोणी काही करणार नाही बाई. मलाही सवय झालीय, तुम्हालाही." आणि मग, "आज मी साडेपाचला निघतो. सगळ्यांबरोबर."

"तेव्हा जिन्यात गर्दी असते."

"असू दे की," पहाटराव म्हणाले.

साडेपाचला खुर्च्या सरकल्या, कपाटं बंद झाली. रोज दाराशी रेटारेटी व्हायची तशी आज झाली नाही. पहाटराव पिशवी पाठीला बांधून सगळ्यांच्या आधी जिन्याच्या तोंडाशी गेले. बाईंनी मंजुरीची सही केलेला अर्ज फाइलला लावला आणि त्या दारापर्यंत आल्या तोवर पुढे चाळीस माणसं उभी होती, साहेबसुद्धा त्यातच, हातात छत्री. जिना दोन माणसांपुरता रुंद होता, एकाला बाजूने सहज पुढे जाता आलं असतं. कोणी गेलं नाही. बाईंना पहाटराव दिसत नव्हते, फक्त पाठी दिसत होत्या. खालून कठडा कुरकुरल्याचा आवाज आला, मग काहीतरी घासल्याचा, मग धप्प. उतरणं चढण्यापेक्षा अवघड असतं, हे त्यांना त्या आवाजावरून कळलं. रांग एक पायरी खाली सरकली आणि थांबली. चाळीस माणसं थांबली. पुन्हा कठडा, पुन्हा घासणं, पुन्हा धप्प, आणि रांग आणखी एक पायरी. कोणाची बस चुकत असेल, कोणाचं मूल पाळणाघरात वाट बघत असेल. टंकलेखिकेने भिंतीला हात लावला आणि तो तिथेच ठेवला. कोणीतरी हलक्या आवाजात आकडे मोजायला लागलं होतं, मग आणखी कोणीतरी. बाई सगळ्यांच्या मागे वरच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांना अजून पायरीभरही हलायला मिळालं नव्हतं आणि आयुष्यात आपण इतक्या लांबवर कधी निघालो नव्हतो असं त्यांना वाटत होतं. चाळीस, खालून आवाज आला. एकेचाळीस. समोरची पाठ एक पायरी खाली गेली. बाईंनी उजवा पाय खाली ठेवला, मग डावा त्याच्या शेजारी आणून ठेवला, आणि बेचाळीसावीची वाट बघत उभ्या राहिल्या.